ताट शोधणारी चंदनबाला

महाराजांच्या आहाराचं ताट शोधावं ते चंदनबालानंच, असं आमच्या गावात सगळे म्हणायचे. चंदनबाला म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आई म्हणते. गाव सांगलीजवळ, घर दिगंबर जैनांचं. आमचे मुनी, म्हणजे महाराज, दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. घासात केस किंवा मुंगी निघाली की अंतराय. ओंजळ सोडायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणून प्रत्येक घास आधी बोटांनी पसरून बघायचा, त्यालाच शोधणं म्हणतात. तांदळातली अळी मला हातात घेऊनही दिसायची नाही, आई लांबूनच म्हणायच्या, "ते बघ, हललं." लय अभिमान होता त्यांना त्याचा. का नसावा?

यंदा चातुर्मासाला एक महाराज आमच्या मंदिरात राहिले. एके सकाळी ते आहारासाठी आमच्या दारी थांबले. चौक्यात, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकघरात, आईंनी ताट शोधलं आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडून नेहमीचं म्हटलं, "मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध है." थोडे घास झाले असतील नसतील, महाराजांच्या ओंजळीत लांबलचक काळा केस!

महाराज ओंजळ सोडून निघून गेले. आईंचे केस पांढरेशुभ्र, तेव्हा केस कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती. जमलेल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. नवऱ्यानं, अजितकुमारनं, तर मान खाली घातली. माझ्या केसामुळं एक तपस्वी दिवसभर तहानलेला राहिला, या विचारानं मला घास गिळवेना. चातुर्मास संपेपर्यंत एकवेळच जेवायचा मी नेम घेतला. आई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्यात.

पुढं मात्र घरात भलतंच सुरू झालं. आई चहा ओतायच्या तो कपाबाहेर. ट्यूबलाइट लावली की, "तिच्याभोवती कडं कशाचं गं?" पांढरं पातळ हातात घेऊन म्हणाल्या, "पिवळं पडलंय. नीळ घालायला इसरलीस काय?" मी धुसफुसत पुन्हा धुतलं. आधीच केसाचं पाप डोक्यावर, वर हे! चष्मा बदलून झाला होता, तरी त्या काच पुसत बसायच्या. मग एका दुपारी बघितलं, दारात उन्हात बसून त्या तांदूळ निवडत होत्या. अळी त्यांच्या नखावरनं चालत गेली. आई आपल्या निवडतायत. माझा राग कुठल्या कुठं पळाला.

दुसऱ्याच दिवशी त्यांना सांगलीला डोळे तपासायला नेलं. तपासणारी ऑप्टोमेट्रिस्ट तरुण होती, बोलायला गोड. तिनं भिंगामागून भिंग बदललं, आईंना अक्षरं धूसरच. मग थेंब घालून बसवलं, यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. "आजी, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. डोळ्यातलं भिंगच गढूळ झालंय, आता चष्म्याचा नंबर बदलून उपयोग नाही. ऑपरेशनचं डोळ्यांचे डॉक्टर ठरवतील, मी चिठ्ठी देते. पिकायची वाट बघत बसू नका." मग विचारलं, "कधीपासून दिसत नाही?"

"हल्लीच," मी म्हटलं.

"न्हाई," आई म्हणाल्या. "गेल्या दिवाळीपासनं. ताट शोधताना निस्ता पांढरा धूर दिसायचा, बाई. बोटं फिरवली आणि शुद्ध हाय म्हटलं."

थेंबांमुळं त्यांना काही दिसत नव्हतं, हाताला धरून एसटीत बसवलं. गाडी सुटल्यावर मात्र राहवेना. "आवं आई, बोलला का नाही?"

"बोलले असते तर चौक्यात घेतलं असतं व्हय मला? तेवढंच येतंय मला."

"आणि मी अर्धपोटी राहिले ते?"

"तुझ्याकडं बघवत न्हवतं गं."

"बघवत नव्हतं की दिसत नव्हतं?" मी फटकन म्हटलं. त्या रडायला लागल्या. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

सकाळी मंदिरात सगळ्या बायकांसमोर आईंनी खरं सांगितलं. केस सुनेचा असंल, पण चूक माझी, म्हणाल्या. ऑपरेशन होईपर्यंत चौक्यात यायचं नाही, असं ठरलं. आईंनी मान डोलावली.

ऑपरेशनच्या आधीच महाराज पुन्हा आमच्या दारी थांबले. आई बाहेर सोप्यात, ओसरीवर, बसलेल्या. ताट मी शोधलं, दाणा न् दाणा. हात जोडले आणि "मनशुद्धी" शब्दच अडकला. मन कसलं शुद्ध? आत नुसता संताप खदखदत होता. पण म्हटलं नाही तर महाराज आहार घ्यायचे नाहीत, आणि आमच्या दारातनं दुसऱ्यांदा उपाशी जायचे. मी म्हटलं. खणखणीत म्हटलं. आहार पूर्ण झाला. बायका म्हणाल्या, सासूच्या हाताखाली तयार झालीय.

मी बाहेर आले. आईंनी पायांच्या आवाजानंच ओळखलं. "झाला का गं?"

"झाला. अंतराय आला नाही." मग मला राहवलं नाही. "आई, मनशुद्धी म्हटलं मी, पण मन शुद्ध नव्हतं. तुमच्यावरच चिडले होते."

आईंनी चाचपडत माझा हात शोधला.

"मग आता कळलं तुला," त्या म्हणाल्या, "कसं तोंडातनं निघून जातं ते?"