मावशीचे ‘अहो’ आणि काकांच्या फिती

ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत माणसांची काही वाण नव्हती. पण काळा सूट चढवून, गळ्यात बो बांधून, एका हातात सॅक्सोफोनची पेटी आणि दुसऱ्या हातात चिखल लागू नये म्हणून काढलेले बूट घेऊन रोज दुपारी चारला अनवाणी स्टेशनकडे जाणारा माणूस साऱ्या मुलखात एकच होता, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा निघाला.

काका मुंबईच्या एका हॉटेलात जाझ वाजवायचे. तेव्हाच्या डोंबिवलीत जाझ म्हणजे काय हे कोणाला ठाऊक असणार? शेजारपाजारचे लोक बिनदिक्कत ‘जाजम’ म्हणत. लग्न ठरवताना मध्यस्थाने “मुलगा इंग्रजी सनई वाजवतो” असं सांगून वेळ मारून नेली होती, आणि आमच्या आजोबांनी “म्हणजे मंगलकार्यातच ना?” एवढी एकच चौकशी केली होती. मावशीने ते वाद्य पाहिलं लग्नानंतर. पितळ दिसल्यावर घरंदाज बाईला जे सुचेल तेच तिला सुचलं. काका आंघोळीला गेल्याची संधी साधून तिने सॅक्सोफोन चिंचेने आणि राखेने लख्ख घासला, दोन बादल्या पाण्याने विसळला आणि अंगणात उन्हात पालथा घातला. त्याच्या भोकांवरच्या चामडी गाद्या भिजून टम्म फुगल्या. पुढचे आठ दिवस त्यातून फक्त म्हशीचा आवाज निघत होता. काका पंचा नेसून अंगणात आले, त्यांनी वाद्य उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “चकाकतंय मात्र छान हं.” मावशीचा संसार सुखाचा का झाला, हे मला या एका वाक्यावरून कळतं.

जाझमध्ये म्हणे ठरलेलं वाजवायचं नसतं, त्या घटकेला सुचेल ते वाजवायचं. त्यामुळे काकांना कायम एकच चुटपुट लागलेली असे, की काल वाजलं ते अप्रतिम होतं आणि ते कायमचं गेलं. त्यांच्या हॉटेलात उतरणारा एक गोरा बोटीवरचा अधिकारी मायदेशी परत जायला निघाला, तेव्हा काकांनी त्याच्याकडून आवाज टिपून घेणारं यंत्र विकत घेतलं. वर दोन चकत्या, त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत, शेजारी मायक्रोफोन, आणि सगळ्याचं वजन भरल्या हंड्याएवढं. स्टेशनवरून घरापर्यंत ते यंत्र टांग्यात बसून आलं आणि काका सूट-बुटासह टांग्यामागून चालत आले, कारण आपल्या वजनाने धक्के बसले तर आतले काचेचे दिवे फुटतील अशी त्यांना भीती होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी बाहेरच्या खोलीत काका वाजवायचे आणि फीत फिरायची. पण आतल्या खोलीत मावशी होती. मावशीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं ते उखाण्यात, एरवी ‘अहो’. हे ‘अहो’ म्हणजे एक शब्द आहे असं कोणी समजू नये. दूध उतू जाताना ते तोकडं यायचं, हिंग संपलेला असला की लांबायचं, आणि सासूबाईंना ऐकू कमी येई म्हणून त्यांच्यादेखत मारलेलं ‘अहो’ ठाकुर्लीच्या वीजघराच्या भोंग्याला झाकून टाकायचं. काकांच्या तोंडात सॅक्सोफोन असल्याने त्यांना ओ देता येत नसे. मग ते वाजवता वाजवताच तीन सूर काढायचे: का-य गं? मावशीला ते बरोबर कळे. “हिंग संपलाय!” असं ती सांगे, काका एक जाडसर सूर काढून होकार देत आणि पुन्हा मूळ गाण्यावर येत. अशा पन्नासेक फिती जमल्या. एकही ‘अहो’वाचून नव्हती. काकांनी वहीत त्यांची नोंद ठेवली होती: “बारावी फीत. उत्तम. मध्ये हिंग.” “एकोणिसावी. फार उत्तम. शेवटी मोरीच्या बोळ्यावरून जोशीणबाईंचं भांडण.”

शेजाऱ्यांना मात्र हा संग्रह भलताच आवडला. रविवारी खोली भरून जाई. जाझ ऐकायला कोणी येत नसे, लोक स्वतःला ऐकायला येत. भाजी घेऊन येणारी गावातली म्हातारी टोपली उतरवून विचारी, “माजा आवाज त्या पेटीन हाय ना? लाव ना रं बाबा.” काकांनी तीन मिनिटं जीव ओतून वाजवलेलं असे, ते म्हातारी मान खाली घालून सोसायची आणि “वांगी घेऽ वांगी” आलं की टाळ्या पिटायची. समोरच्या जोशीणबाईंनी त्या भांडणाच्या फितीत स्वतःला शिव्या देताना ऐकून “ही मी नव्हेच, मी इतकं किरटं बोलत नाही” असं ठासून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखाली येऊन त्याच शिव्या गोड आवाजात पुन्हा दिल्या. त्यांच्या समाधानासाठी काकांनी त्याही टिपून घेतल्या.

असं सगळं मजेत चाललेलं असताना कलकत्त्याहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या हॉटेलाला बँडचा मुख्य हवा होता, आणि वाजवण्याचा नमुना फितीवर पाठवा असं त्यांनी कळवलं होतं. काका पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली मागच्या रांगेत उभे राहून वाजवत होते. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी तेव्हा कल्याणच्या शाळेत शिकवत होते. रविवार आणि सुट्ट्या मावशीकडेच जायच्या. त्या पन्नास फितींत पाठवण्याजोगी एकही नाही हे आम्हा तिघांनाही एकदमच उमगलं. “एवढंच ना? मी गप्प बसेन,” मावशी म्हणाली.

पहिल्या दिवशी ती तोंडात सुपारी धरून बसली. सहाव्या मिनिटाला मांजर दुधाशी गेलं, ती ‘अहो’ म्हणायला गेली आणि सुपारी घशात अडकली. त्या फितीवर सॅक्सोफोन कमी आणि पाठीत मारलेले धपाटेच जास्त आहेत. दुसऱ्या दिवशी हाक न मारता ताटलीवर चमचा वाजवायचं ठरलं, तर काकांनी त्या ठेक्यावर चाल बदलली आणि सासूबाई मावशीच्या हातात ताटली-चमचा पाहून जेवायला वाढलं समजून पाट घेऊन बाहेर आल्या. अखेर मावशीने स्वतःच पिशवी भरली. “मी ताईकडे कल्याणला जाते. मी घरातच नसले म्हणजे झालं!”

यंत्राची कळ दाबायला मी डोंबिवलीत थांबले. सासूबाई झोपल्या होत्या, खिडक्या लावून घेतल्या होत्या. काका वाजवायला लागले आणि मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस खरोखर किती चांगला वाजवतो. मग मध्येच ते थांबले. स्वयंपाकघराकडे मान वळवली. क्षणभर कान देऊन तीन सूर वाजवले, का-य गं, पुन्हा थांबले, जाडसर सूर काढून होकार दिला आणि पुढे निघाले. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षातही आलं नव्हतं. फीत उलटी फिरवून ऐकवली तेव्हा ते खजील झाले. दुसऱ्यांदा वाजवलं तर पुन्हा तेच. चौथ्यांदाही तेच झाल्यावर त्यांनी सॅक्सोफोन खाली ठेवला. “जाऊ दे गं. हीच पाठवू,” ते म्हणाले. “आणि तू संध्याकाळच्या गाडीने जाऊन हिला घेऊन ये. मला हिंगाचा डबा सापडत नाहीये.”

महिन्याभराने उत्तर आलं. नोकरी पक्की. त्या मधल्या थांबण्याचं आणि तीन सुरांचं त्यांनी विशेष कौतुक केलं होतं, असं काही आजवर ऐकलं नव्हतं म्हणे. काका कागद हातात घेऊन वेड्यासारखे हसत सुटले. मावशीही हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ तांदूळ निवडत बसली. सासूबाईंना सोडून तिला जाता येणार नव्हतं. काकांनी एकट्यानेच जायचं, वर्षातून एकदा यायचं असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकांनी यंत्र मांडलं, कोरी फीत चढवली आणि मावशीला मायक्रोफोनपुढे बसवलं. “बोल काहीतरी. तिकडे लावत जाईन.”

“काय बोलू?”

“नेहमी बोलतेस तेच. हाक मार.”

मी कळ दाबली. मावशीने पदर सारखा केला, घसा साफ केला, तोंड उघडलं आणि मिटलं. काका समोर बसले होते, मी मान हलवून खुणा करत होते. आयुष्यभर त्या घराच्या भिंती हलवणारी बाई त्या काळ्या मायक्रोफोनकडे बघत गप्प बसून राहिली. फीत संपेपर्यंत. चकती रिकामी फिरून टकटक करायला लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुम्ही समोरच तर आहात. हाक कशी मारू?”

काकांनी फीत उलटी फिरवून पुन्हा लावली. आम्ही तिघांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बांगड्यांचा एकदा आवाज आला, एकदा मावशीने श्वास घेतला, बाकी काही नाही. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मी विचारलं, “काका, पुसून पुन्हा करू या का?”

“नको,” काका म्हणाले. “पन्नासांत ही पहिलीच स्वच्छ आलीये.”

त्यांनी उठून खाटेवर कलकत्त्यासाठी भरून ठेवलेली ट्रंक उघडली आणि त्यातले सदरे एकेक करून बाहेर काढून पुन्हा खुंटीला लावायला सुरुवात केली. मावशी “अहो, अहो, हे काय करताय?” म्हणत धावली, पण तोवर मी यंत्र बंद केलं होतं.