धोंड्याच्या वाणात गेलेली पिकअप

धोंड्याचा महिना आला की आमच्याकडे जावयाला सासरी बोलावतात, पुरणाचे धोंडे जेवायला घालतात आणि वाण म्हणून काहीतरी देतात. काय पाहिजे, असं सासरे विचारतात आणि जावयानं 'काही नको' म्हणायचं असतं. ही रीत आहे. मग कापड मिळतं, फार तर अंगठी. देवणीला, सासऱ्यांच्या ओसरीवर आम्ही दोघे जावई पाटावर बसलो होतो. मी थोरला, म्हणून आधी मला विचारलं. मी काही नको म्हणालो आणि सफारीचं कापड मांडीवर ठेवून घेतलं. मग साडूला विचारलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नांदेडला फ्लेक्स छापायचा धंदा करतो. त्यानं धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला आणि म्हणाला, "मामा, गोठ्यामागची ती पिकअप द्या."

सासरे हसले. न्या म्हणाले. एवढंच.

माझा घास तोंडातच फिरत राहिला. ती पिकअप माझी होती. कागदोपत्री नव्हे, पण माझी होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती मीच चालवली. मागच्या हौद्यात सासऱ्यांचे देवणी बैल आणि शेजारच्या सीटवर सासरे, असे आम्ही उदगीरच्या बाजाराला, प्रदर्शनांना हिंडलो. घरात सासरे माझ्याशी पाहुण्यासारखं बोलायचे, चहा घेतला का, ऊन लई हाय, एवढंच. गाडीत मात्र मोकळे व्हायचे. बैलाचं वशिंड कसं पारखायचं इथपासून स्वतःच्या भावाशी अबोला कसा झाला इथपर्यंत सगळं सांगायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. त्यामुळं त्या सीटवरच्या माणसाचं मला फार होतं. नवी गाडी आली, पिकअप गोठ्यामागं उभी राहिली, तरी मी प्रत्येक वेळी गेलो की बॉनेट उघडून बघायचो, ऑइल घालायचो, चालू करून ठेवायचो. एक दिवस ती मागायची, हे मी मनाशी ठरवलं होतं. फक्त जावयानं मागायचं नसतं म्हणून थांबलो होतो. आणि याला मागायला काही वाटलं नाही.

लातूरला परत येताना बायकोला म्हणालो, हा माणूस पंक्चर झालं तर मदतीला फोन करतो, हा गाडीचं काय करणार? ती म्हणाली, तुम्हाला कामून एवढं झोंबून राहिलं? मी म्हणालो, झोंबलं कुठं, सहज विचारतोय.

तो काय करणार ते महिन्याभरात कळलं. त्यानं मोबाइलवर परदेशातल्या जुन्या गाड्या बघितल्या होत्या. पुढून खाली वाकलेल्या, टप कापून बुटक्या केलेल्या, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकलेल्या. हॉट रॉड म्हणतात त्याला. तशी गाडी त्याला बनवायची होती, आणि त्याला लागणारे सुटे भाग मिळत होते माझ्याच दुकानात. लातूरला माझं तेच दुकान आहे. बेअरिंग, क्लचप्लेट, ब्रेकचं सामान, जे लागेल ते तो फोन करून सांगायचा आणि मी बांधून बसनं नांदेडला पाठवायचो. सगळं अस्सल पाठवलं. हलकं सामान पाठवलं असतं तर दुकानाचं नाव खराब झालं असतं, नाहीतर मी धुतल्या तांदळाचा आहे असं काही नाही.

नुसतं पाठवून मन भरेना. नांदेडला काही ना काही काम काढून मी जायला लागलो. एका वेल्डरच्या शेडमध्ये गाडी उघडी पडली होती. बॉनेट काढलं होतं, हौदा अर्धा कापला होता, पुढची बाजू खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे पाटे कमी केले होते. ठिणग्या उडत होत्या आणि आमच्या बैलांच्या हौद्याचे तुकडे जमिनीवर पडले होते. त्याहून वाईट म्हणजे काम चांगलं चाललं होतं. मी नाक मुरडायला गेलो होतो आणि मला मुरडायला जागाच सापडेना. जिथं काही सुचवलं तिथं साडू म्हणायचा, "दादा, तुमी म्हनाल तसं." आणि खरंच तसं करायचा. त्यामुळं आणखीच राग यायचा. ऐकणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

टप कापायच्या दिवशी त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं. दोघांत मी उंच, म्हणून माप माझ्यावर घ्यायचं ठरलं. मी सीटवर ताठ बसलो, वेल्डरनं माझ्या डोक्यावर चार बोटं सोडून खडूची रेघ मारली. आता ह्याच्यात कुणीपण बसंल, असं साडू म्हणाला. आम्ही तिघांनीही मान डोलावली.

रंग मात्र त्यानं कुणाला विचारून दिला नव्हता. गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती, आरटीओनं धरलं असतं, म्हणून ती ट्रकवर घालून देवणीला आणली आणि सासऱ्यांच्या शेतात उतरवली. ताडपत्री काढली तेव्हा मी बघतच राहिलो. सगळी गाडी पांढरी आणि तिच्यावर वेडेवाकडे काळे डाग. अशा रंगाच्या देवणी बैलाला शेवरा म्हणतात, आणि सासऱ्यांचा सगळ्यात लाडका बैल शेवरा होता. आम्ही दोघांनी, मी आणि सासऱ्यांनी, त्याला ह्याच हौद्यातून कितीदा नेला होता. हे मला का सुचलं नाही? अख्ख्या आयुष्यात एकदा तरी सुचायला पाहिजे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गावातली पन्नासेक माणसं जमली होती. पहिली फेरी मामांची, असं साडूनं आधीच जाहीर केलं होतं. सासरे धुतलेलं धोतर, नवाकोरा पांढरा पटका बांधून आले. गाडीवरनं हात फिरवला, डागावर बोट ठेवलं. मग दार उघडून आत बसायला गेले आणि पटका टपाला अडला. मान तिरकी केली, तरी बसेना. खाली सरकले, तरी बसेना. आम्ही दोघे उघड्या डोक्यानं वावरणारे, माप उघड्या डोक्याचं घेतलं होतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतका की तोंड लपवायला मी चाकाकडं बघायला लागलो. आमच्याकडं त्या वयाचा माणूस चारचौघांत पटका काढत नाही आणि जावयांपुढं तर नाहीच. वीस वर्षांवर जावई होतो, सासऱ्यांचं डोकं मी कधी बघितलं नव्हतं. साडूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मामा, टप परत चढवतो. पुढल्या टायमाला बसा." मी पुढं झालो. मामा, उन्हात थांबू नका, चला घरी, एवढं म्हणायला तोंड उघडलं होतं.

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी पटका तसाच्या तसा उचलला. खाली विरळ पांढरे केस, कपाळावर पटक्याचा वळ. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि पटका माझ्या हातात दिला.

"थोरलं पाव्हणं, तुमी धरा," म्हणाले. "दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचा न्हाई ह्यो."

आणि लहान पोरासारखे वाकून आत बसले. साडूनं चावी फिरवली, उघडं इंजिन गरजलं, ढेकळं उडाली आणि गाडी विहिरीच्या वाटेला लागली.

शेजारचे एक चुलत सासरे माझ्या कानाशी म्हणाले, लई मोठा मान दिला बगा तुमाला. खरं होतं. पटका खाली ठेवता येत नाही, काखेत मारता येत नाही. मी तो दोन्ही हातांवर धरून उभा होतो. आतून अजून गरम होता. ऊन डोळ्यांवर येत होतं आणि आडवा धरायला हात मोकळा नव्हता. हा मान ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा. मला ती सीट पाहिजे होती, तो माणूस शेजारी पाहिजे होता, आणि त्यानं माझ्यासाठी कधी डोकं उघडं केलं नव्हतं.

फेरी मारून गाडी परत आली. सासरे खिडकीतून अर्धे बाहेर झुकले होते, केस वाऱ्यानं उभे राहिले होते, आणि ते साडूला हातवारे करून काहीतरी सांगत होते. बहुतेक बैलाचंच. माझ्याजवळ आल्यावर गाडी हळू झाली. मला वाटलं, आता मला बसवतील.

"पाव्हणं," त्यांनी विचारलं, "पटका नीट हाय ना?"

"हाव मामा," मी म्हणालो. "हाय."

बरं, म्हणाले, आणि साडूला म्हणाले, चल, आजून एक.