दोन छापांचा रुपया

‘राज्यं बुडतात, सिंहासनं कोसळतात, सत्य तेवढं नाण्यावर उरतं,’ असं टांकसाळे म्हणत. बहुतेक वेळा ते हे वाण्याच्या दुकानात, परत आलेले सुटे पैसे एकेक करून उजेडात धरताना म्हणत, आणि मागे चारपाच गिऱ्हाइकं खोळंबलेली असत. त्यांचं आडनाव खरं तर वेगळंच होतं. विमा कंपनीत ते कारकून होते. पण टांकसाळीच्या हातून बिघडलेली नाणी शोधण्याचा नाद त्यांना होता, म्हणून आमच्या गिरगावच्या चाळीनं त्यांचं हे बारसं केलं.

नाणं अंगठा आणि तर्जनीत धरून ते उभं फिरवत. मागचा छाप कलता दिसला की चेहरा खुले. कुणी रुळावर चेपलेला आणा आणला, तर म्हणत, “ही चूक नव्हे, मारहाण. चूक टांकसाळीतच व्हावी लागते. बाहेर होतं त्याला नुकसान म्हणतात.” नवे पैसे आले तेव्हा सगळी चाळ संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात होती. टांकसाळे वाण्याकडे जात होते.

त्यांचे जिवलग म्हणजे तळमजल्यावरचे अण्णा. अण्णांचा शरद विषमज्वरानं गेला. पहिल्या पगारातून त्यानं वडिलांना एक रुपया आणून दिला होता, दोन्ही बाजूंना राजाचंच डोकं असलेला. अण्णा तो बंडीच्या खिशात बाळगत. “एकदा नीट बघा हो,” असं ते म्हणाले, की टांकसाळे म्हणत, “आज उजेड नाही, अण्णा.” भर दुपारीसुद्धा.

त्या वर्षी गणेशोत्सवात टांकसाळ्यांचं व्याख्यान ठेवलं. अध्यक्षांनी ‘राष्ट्र आणि नाणे’ या विषयावर स्वतःच अर्धा तास घेतला. सत्यशोधन हा शब्द बऱ्याचदा आला. मग अण्णा उठले. “हा आमच्या शरदचा रुपया. सगळ्यांसमोर सांगा काय ते.” शरदचं नाव चारचौघांत निघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

“उजेड कमी आहे, अण्णा.”

“दिवा पुढे आणा रे!” अध्यक्ष कडाडले.

दिवा आला. टांकसाळ्यांनी भिंग लावलं, बराच वेळ लावून ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “एक रुपया आतून कोरलाय, दुसरा घासून त्यात बसवलाय. काठाच्या आत सांधा आहे. टांकसाळीचा नव्हे हा.”

“म्हणजे शरदनं मला फसवलं?”

“नाही हो! तोच फसला.”

अण्णांनी रुपया घेतला आणि ते घरी गेले. टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना कळेना. पुढे टांकसाळे मला एकदा म्हणाले, “खोटं बोलता आलं असतं रे. पण भिंग डोळ्याला होतं.” त्यानंतर कुणी नाणं आणलं की ते न बघताच परत देत. अण्णा जिन्यात भेटले तर टांकसाळे भिंतीकडे बघत.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी अण्णांनी दारोदार पेढे वाटले. टांकसाळ्यांचं दार ते टाळतील असं आम्हांला वाटलं, पण ते थांबले.

“खरा आहे,” पेढा पुढे करत ते म्हणाले. “तपासायचा तर तपासा.”

दोघांमधलं ते शेवटचं बोलणं. पावसाळ्याआधीच अण्णा नायगावला मुलीकडे कायमचे राहायला गेले. टांकसाळ्यांनी पेढा उंबऱ्यातच, त्यांच्या देखत, सबंध खाल्ला.

त्यांना मधुमेह होता.