साइमीच्या म्यानासाठी चाकू

माझा भाऊ ओइवा कौहावा गावातल्या चाकूंच्या कारखान्यात चौतीस वर्षं होता. निवृत्त झाल्यावर तो काय करायला लागला? तर त्याच कारखान्यातले चाकू दुकानातून आणायचे आणि घरी बसून मोडायचे. मोडायचे म्हणजे लाल रंगाची मूठ छिन्नीने फोडून काढायची, पात्यावरची झगमग पॉलिश पेपरने उतरवायची आणि ज्याला द्यायचा त्याच्या हाताचं माप घेऊन बर्चच्या लाकडाची नवी मूठ बसवायची. "चौतीस वर्षं सगळ्यांचा हात एकाच मापाचा आहे असं समजून काम केलं," असं म्हणायचा. एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदाच बोलतो.

आमच्याकडची माणसं एकूणच कमी बोलतात, पण ओइवा म्हणजे कहर. बायको गेल्यापासून तो दर गुरुवारी शेजारच्या साइमीकडे कॉफीला जायचा. तिचाही नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. दोघं तासभर खिडकीबाहेर बघत बसायची. मी एकदा विचारलं, "काय बोलता रे एवढं?" तर म्हणे, "काही नाही. बरं वाटतं."

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी साइमीने तिच्या आईचं जुनं चामड्याचं म्यान त्याच्यापुढे ठेवलं. रिकामं. म्हणाली, "यात बसेल असा चाकू करून दे. अळंबी कापायला." झालं! ओइवा तडक माझ्याकडे आला, टोपीसुद्धा न काढता.

"एल्मा, तिने रिकामं म्यान दिलं."

"मग?"

"मग काय? आजी काय सांगायची?"

आजी सांगायची ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी लग्नाची मुलगी कमरेला रिकामं म्यान लावून फिरायची. एखाद्याला ती आवडली, की तो आपला चाकू त्यात सरकवायचा. तिने ठेवून घेतला तर होकार, परत आणून दिला तर नकार. तोंडातून शब्द काढायला नको. आमच्यासारख्यांनीच काढलेली रीत ती.

"अरे, एकसष्ट वर्षांची आहे ती. अळंबी म्हणाली ना? मग अळंबीच."

"आणि नसेल तर?"

आता याला मी काय सांगणार? सरळ विचार म्हणावं, तर चुकलं की गुरुवारची कॉफी कायमची गेली. त्या कॉफीशिवाय त्याच्या आठवड्यात होतं तरी काय!

दोन आठवडे तो खपला. म्यान अरुंद, कारखान्याचं पातं आत जाईना. ते ओल्या सहाणेवर थोडं थोडं झिजवलं, घाई न करता, कारण तापलं की पात्याचं पाणी उतरतं आणि धार टिकत नाही. मग मूठ कोरली, तिला जवसाचं तेल पाजलं. आणि मधेच माझ्याकडे येऊन, "एल्मा, तिने म्यान देताना माझ्याकडे बघितलं नाही. ते चांगलं की वाईट?" मी म्हटलं, "तुझं डोकं फिरलंय." खरं तर माझंही फिरायला लागलं होतं. शेवटी त्याने चाकू म्यानात सरकवून तिच्या टेबलावर ठेवला आणि कॉफी न पिताच पळून आला.

चौथ्या दिवशी तो घरी नसताना साइमी येऊन गेली. त्याच्या कामाच्या बाकावर चाकू ठेवला होता. म्यान नाही, चिठ्ठी नाही, नुसता चाकू.

ओइवा त्या गुरुवारी गेला नाही. पुढच्याही गेला नाही. बटाटे काढले, लाकडं फोडली, जेवण निम्मं टाकलं. मला दोघांचाही संताप आला होता, पण "तू मधे पडलीस तर याद राख," अशी तंबीच मिळाली. चाकू बाकावर तसाच पडून होता.

पाचव्या आठवड्यात मी त्याच्याकडे बसले असताना साइमी दारात उभी राहिली.

"झाला का माझा चाकू?"

ओइवा तिच्याकडे बघतच राहिला. "तू परत दिलास."

"मूठ जाड आहे. माझ्या हातात मावत नाही."

"सांगितलं नाहीस."

"कामाच्या बाकावर ठेवला की! पाच आठवडे वाट बघतेय. मला वाटलं, तुझाच विचार बदलला."

"कशाचा?"

ती बाकापाशी आली. "गावातल्या सगळ्यांच्या हाताचं माप घेतोस," ती म्हणाली, "माझं का नाही घेतलंस?"

तो कानापर्यंत लाल झाला. अंदाजाने मूठ केली होती त्याने. तिचा हात हातात घ्यायचा धीर झाला नव्हता. मला गप्प राहणं किती जड जातं, ते गावाला विचारा. त्याने कानस उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"साइमी," तो कसाबसा म्हणाला, "हा चाकू... अळंबीसाठीच ना?"

साइमीने आपला हात उघडून बाकावर त्याच्यासमोर ठेवला.

"ओइवा, अळंबी कापायला माझ्या घरात सात चाकू आहेत."