दिसणारं दुखणं

धुण्याच्या दगडावरून घसरून मी कमरेवर आपटले होते. मुका मार होता, तो बरा झाला. दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. एक्स-रे स्वच्छ आला आणि आमच्या विट्यातल्या घरात त्या स्वच्छ एक्स-रेनंच माझा घात केला. नवरा लांबच्या शहरात गलाईच्या दुकानात सोनं आटवून शुद्ध करायचा. रिपोर्टात काही नाही तर दुखेल कसं, असं तो फोनवर म्हणायचा. पारखून हाती लागत नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, मी जरा टेकले की भांडी तेवढी आपटायच्या. मला त्या आवाजाचा संताप यायचा.

पुतणी सांगलीला शिकत होती. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा विश्रामबागेत इंटरनेटची दुकानं निघाली होती, तिथं ती मला घेऊन गेली. तिनं जुनाट कंबरदुखीविषयी इंग्रजीत टाइप केलं, पान रडतखडत वरून खाली उतरलं, आणि ती मला मराठीत सांगू लागली. जखम भरली तरी दुखणं राहू शकतं. एक्स-रेत दिसलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. पडून राहू नका, थोडं थोडं चाला, काम झेपेल तसं वाटून करा. खाली कुठकुठल्या देशांतल्या बायकांनी लिहिलं होतं की घरचे विश्वास ठेवत नाहीत. त्या प्लायवूडच्या खोपट्यात मी तोंडाला पदर लावून रडले. बरं वाटलं म्हणून रडतेय, हे पुतणीला पटवता पटवता पुरेवाट झाली.

घरी येऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"औषद कंचं सांगितलंय त्यात?"

तसं औषध नव्हतंच.

"मग जतला जाऊन डाग घिऊ. माझ्या आईला लय गुण आलाता."

जतकडे एक म्हातारा धनगर तापल्या सळईनं डाग द्यायचा. त्यानं काही होणार नाही हे मला कळत होतं. नाही म्हणताही आलं असतं. पुतणी तर हातापाया पडत होती.

तिला मी एवढंच म्हणाले, "डाग दिसंल तरी गं सगळ्यांस्नी."

सळई टेकली तेव्हा मी किंचाळले. पण त्यानंतर मला कुणी वाकू दिलं नाही. सासूबाई स्वतः तूप लावायच्या, शेजारणी बघून चुकचुकायच्या, नवरा दुकान सोडून आला. आतली कळ होती तशीच होती, फक्त आता मी घरात राजरोस कण्हत होते. त्याचं सुख वाटायचं, खरंच.

मग डाग भरला. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवून पाहिलं आणि सुनेला गुण आला म्हणून आळीभर सांगून आल्या. नवरा निश्चिंत मनानं परत गेला.

मी पाण्याची कळशी उचलून कमरेवर घेतली. कळ मस्तकात गेली. डाग इतक्या लवकर भरायला नको होता, असं वाटलं.