लाल रांगोळीची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच, आणि आता ती राहिलीही नाही. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं काम पाणलोटाच्या झटपट पाहणीचं. एका गावाला एक दिवस. सकाळी गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी — पाणी जसं वाहतं तसं माथ्यावरून खाली चालत यायचं. दुपारी शाळेच्या पटांगणात रांगोळीनं शिवाराचा नकाशा काढायचा. नाल्याची रेघ निळी, आणि जिथं ओघळ शेताची माती कापत चाललीय तिथं लाल. लाल रेघ असेल तिथं बांध मंजूर होतो. नकाशाचा फोटो वर जातो, आराखडा त्यावरच ठरतो. परत कोणी बघायला येत नाही.

पालमकडच्या एका गावात किशनराव भेटला. अहो-जाहो मी त्याला फक्त तोंडावर केलं. लांबूनच ओळखलं मी. त्यानं मला? कसं ओळखणार — मी तेव्हा परकरातली पोर होते. टंचाईच्या साली आई त्या गावात कापूस वेचायला आली होती, राहायला गावाबाहेर कापडाचं पाल. त्याच्या विहिरीवर आईनं घागर भरली आणि या माणसानं ती लाथेनं आडवी केली. "हीर काय तुज्या बापाची हाय का?" आई वाकली. रिकामी घागर उचलली, माझा हात धरला. चिखलात तिची चप्पल रुतली होती, ती काढायलाही थांबली नाही.

आणि आता तोच माणूस "म्याडम, म्याडम" करत पुढं पुढं करत होता. शेतात हुरडा भाजून खाऊ घातला. मी खाल्ला. गोड होता — त्याचाच जास्त राग आला.

मग त्यानं ओघळ दाखवली. माणूसभर खोल, विहिरीच्या रोखानं सरकत आलेली. "दरसाल माती वाहून जायलीय म्याडम. बांध न्हाई झाला तर हीर बुजंल." मी मान डोलावली.

दुपारी नकाशा भरत आला आणि त्याला घरून बोलावणं आलं, म्हैस व्यायला झाली म्हणून. जाताना म्हणाला, "तुमी बघितलंच हाय. आमची रेघ तुमीच घाला."

माझ्या मुठीत लाल रांगोळी होती. त्याच्या शेतावर मी ती सोडली नाही. हात पुढं नेला आणि शेजारच्या शेतावर रेघ ओढली. बाकीच्यांनी पाहिलं असेल. कोणी बोललं नाही — एकाचं काम गेलं की ते दुसऱ्याच्या वाट्याला येतं, हे कुणाला कळत नाही?

पुढं कधीतरी कानावर आलं. ओघळीनं विहिरीचा काठ खाल्ला, विहीर गाळानं बुजली. त्या दिवशी मी घरी शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, कशाबद्दल? म्हटलं, सहज. खोटं का बोलू — लय बरं वाटलं मला. भांडं खरवडून खाल्लं.

एवढंच असतं तर मी तोंड उघडलंही नसतं. किशनरावाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

पण त्या दिवशी सकाळी शिवारफेरीत आम्ही त्या विहिरीपाशी पोचलो तेव्हा तिथं बाया पाणी भरत होत्या. कापूस वेचायला आलेल्या, पालांतल्या. दोर-बादली त्याचीच. त्यानं त्यांना हटकलं नाही, उलट एकीच्या डोक्यावर घागर चढवायला हात लावला. तिच्या मागं परकरातली पोर उभी होती. तो कधी बदलला, का बदलला, मी विचारलं नाही. मला ते नकोच होतं.

आता त्या बाया पाणी कुठून आणतात, मला माहीत नाही. पण मुठीत रांगोळी घेऊन मी नकाशातल्या त्याच्या शेतापुढं थांबले, तेव्हा त्या मला आठवत होत्या. ती पोरसुद्धा.