पोफळीची पन्हळ आणि माझा पक्का पाइप

मंडळी, मी मस्कतला पाइप फिटर आहे. सध्या सुट्टीवर रत्नागिरीत आलोय.

आमच्या घराजवळच्या सार्वजनिक बागेत एक झरा आहे. बाग व्हायच्या आधी तिथं भातखाचरं होती आणि आख्खी वाडी तिथूनच पाणी भरायची. पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, खोड उभं चिरून, कोरून त्याची पन्हळ झऱ्याच्या तोंडाला लावायचे. ती कुजायची, म्हणून दर दिवाळीनंतर नवी, बाग झाल्यावरही.

मागच्या सुट्टीत मीच बागेच्या माळीदादांना म्हटलं, कशाला ही दरवर्षीची कटकट. पक्का पाइप घालून सिमेंट मारलं.

आज गेलो तर पाइप कोरडा. माळीदादा म्हणाले, "झरा आटला. नगरपालिकेवाले सोमवारी बुजवतायत."

शेजारच्या सुलाकाकू तिथंच बसलेल्या. त्यांनी इथून हंडे वाहिलेत. म्हणाल्या, "आटला नाय, तू कोंडलास त्याला. पन्हळ कुजायची म्हणून तरी वर्षातून एकदा कोणतरी आत हात घालून गाळ नि मुळं काढायचा. तुझ्या पाइपात कोण हात घालणार?"

मी घरून छिन्नी-हातोडा आणून माझंच काम फोडलं. कोपरापर्यंत हात घालून मुळं उपसली. तासाभराने गढूळ पाणी आलं, मग नितळ. काकूंनी ओंजळभर पिऊन बघितलं. माळीदादा म्हणाले, बुजवू नका म्हणून नगरपालिकेत सांगतो.

उद्या पन्हळ लावतो, परवा निघतो. पुढच्या दिवाळीला ती कुजेल तेव्हा मी इथं नसेन. बागेजवळ राहणाऱ्यांनो, तुमच्यातला कोण हात घालेल?